डावी टाकी

धरणाचा धक्का, नांदेड
६ ऑगस्ट २००३

प्रिय नासिर,
जय भीम.

तुझं पत्र शकिलाआपानं माणसाबरोबर धाडलं, सोबत खजुराचा डबा होता. डबा अर्धाच पोचला. उरलेल्या अर्ध्याचं काय झालं ते तू तुझ्या बहिणीलाच विचार, मी आपाच्या वाटेला जाणार नाही.

तू शारजाहून जहाजावर घालून पाठवलेली नाव आता वर्षभर पाण्यात आहे. मालक विरूपाक्ष सर खूश आहेत. लातूरला त्यांच्या क्लासची दुसरी इमारत उभी राहिली, तरी इथल्या नावेचं त्यांना जास्त कौतुक. दर रविवारी हैदराबादचा एक गडी येतो, पायाला फळी बांधतो आणि दोरी धरून नावेमागं लाटेवर उड्या मारतो. लोक भाकरी बांधून बघायला येतात. ती लाट उठावी म्हणून नावेचं बूड खाली बसवावं लागतं. त्यासाठी मागच्या दोन टाक्या धरणाच्या पाण्यानं भरायच्या. खेळ संपला की पंपानं रिकाम्या करायच्या आणि मगच माणसं बसवून चक्कर मारायची. हे तूच मला शिकवलंस. तरी सगळं लिहितो, म्हणजे पुढचं वाचून तू मला वेड्यात काढणार नाहीस.

भानगड अशी की डाव्या टाकीचा काटा खाली येईना. रिकामी करायला पंप लावला की पाणी पडतं, शेवटी पंप कोरडा खोकतो, म्हणजे आत पाणी राहिलं नाही. उजव्या टाकीचा काटा तेव्हा शून्यावर येऊन बसतो. डावीचा उन्हाळ्यात पाव भागावर अडायचा, आता जवळजवळ अर्ध्यावर अडतो. आणि नाव डावीकडं झुकून राहिली आहे. डोळ्याला दिसत नाही, पण वळताना पायाला कळतं.

सरांना सांगितलं. ते म्हणाले, निवृत्ती, तुला दहा वर्षांपासून सगळंच हललेलं वाटतं. तेही खोटं नाही. भूकंपानंतर मी छताखाली झोपलेलो नाही. सरांनी दिलेल्या खोलीत माझं सामान झोपतं आणि मी बाहेर. ही नोकरीही त्यासाठीच धरली, पाण्यावर डोक्यावर पडायला काही नसतं. सरांशी मी वाद घातला नाही. माझी लेक माया यंदा बारावीला आहे आणि सरांनी तिला क्लासमध्ये आणि होस्टेलला बिनफीचं ठेवून घेतलं आहे, ते माझ्या या नोकरीमुळं. तेवढ्यासाठी मी बरंच गिळू शकतो.

काय तपासायचं ते सविस्तर लिही. फोनवर तू फार घाई करतोस.

तुझा
निवृत्ती


शारजा
२० ऑगस्ट २००३

प्रिय निवृत्ती,
सलाम.

खजूर तू खाल्लेस आणि नाव आपाचं घेतोस, हे मला इथं बसून दिसतं. असो.

घाबरू नकोस. या नावांचा हा नेहमीचा आजार आहे. माझ्या यार्डात दर महिन्याला एक तरी नाव येते, काटा भरलेला दाखवतो आणि टाकी कोरडी. आपल्या आयटीआयमध्ये शिकवलं होतं तसंच करायचं, वरून खाली जायचं. आधी वायर, मग काटा, मग टाकीतला फ्लोट. वायरीची टोकं घासून पूस. अर्थिंगची तार नवी घाल, निम्म्या वेळा तीच हरामखोर असते. तरी अडला तर दोन्ही काट्यांची अदलाबदल कर. खोट काट्याबरोबर उजवीकडं गेली तर काटा बदलायचा, डाव्या टाकीपाशीच राहिली तर फ्लोट अडकला असं समजायचं. फ्लोट म्हणजे आत दांडीवर तरंगणारा बोळा, पाण्याबरोबर वरखाली होतो. तो टाकी उघडून बघावा लागेल.

आणि शेवटची तपासणी सगळ्यात सोपी. मागच्या कप्प्याचं झाकण उचल आणि पान्याच्या दांड्यानं टाकीच्या अंगावर खालून वर ठोकत जा. कान लावून ऐक. रिकामी असेल तर डफासारखी वाजेल. आत काही असेल तर तिथं आवाज मुका होईल. इथं एवढी यंत्रं आहेत, तरी आम्ही शेवटी ठोकूनच बघतो.

मायाला सांग, चाचा तिच्या निकालाची वाट बघतो आहे. तिला डॉक्टर व्हायचं आहे की इंजिनिअर? इंजिनिअर होऊ देऊ नकोस, आपल्यासारख्यांना शिव्या घालत फिरेल.

तुझा
नासिर


धरणाचा धक्का, नांदेड
७ सप्टेंबर २००३

प्रिय नासिर,
जय भीम.

तू सांगितलंस तसं केलं. टोकं घासली, अर्थिंग नवी घातली. काटे बदलून बघितले, उजवीकडचा डावीकडं आणला तर तोही अर्ध्यावर अडला. म्हणजे काटा निर्दोष आहे. टाकी उघडायची तर मागचं बाकडं कापावं लागतं, पेच सगळे त्याच्याखाली दडवलेत. सर कापू देईनात. परदेशी वस्तू आहे, पुन्हा तशी जुळणार नाही, म्हणाले. त्यांचंही बरोबर आहे.

तू पंपाबद्दल विचारलं नाहीस, पण सांगून ठेवतो. दोन्ही पंप एकदम चालवले की बॅटरी बसते, म्हणून डावी टाकी मी धक्क्यालाच भरून घेतो आणि उजवी मध्यावर गेल्यावर. पंप दोन्ही ठणठणीत आहेत. यंदा पाऊस कमी, धरण उतरलं आहे, धक्क्यापाशी आता नावेच्या बुडाखाली जेमतेम हातभर पाणी असतं.

ठोकूनही बघितलं. रिकामी वाजते.

मायाला डॉक्टर व्हायचं आहे. पहाटे उठून अभ्यासाला बसते म्हणे. मागच्या महिन्यात भेटायला गेलो तर होस्टेलच्या फाटकातच उभ्यानं बोललो, आत तीन मजल्यांचं छत आहे. ती काही बोलली नाही. तिला सवय झाली आहे.

तुझा
निवृत्ती


शारजा
२२ सप्टेंबर २००३

प्रिय निवृत्ती,
सलाम.

मग प्रश्न मिटला. पंप कोरडा पडतो आणि टाकी रिकामी वाजते, म्हणजे टाकी रिकामी आहे. फ्लोट अडकलाय आणि काटा खोटं बोलतोय. त्याची वायर सरळ काढून टाक. खोट्या साक्षीदारापेक्षा साक्षीदार नसलेला बरा.

राहिलं नावेचं झुकणं. रागावू नकोस, दोस्त म्हणून लिहितो. नाव झुकत नाही, तू झुकतोस. तीस सप्टेंबर जवळ आला आहे. दरवर्षी या दिवसांत तुझी पत्रं अशीच येतात. एका वर्षी तुला विहिरीचा कठडा खचताना दिसला होता, एका वर्षी एस.टी. स्टँडची भिंत. दोन्ही अजून उभ्या आहेत. भूकंप झाला तेव्हा मी इथं होतो, तू काय बघितलंस ते मी बघितलं नाही. तू सांगितलं नाहीस आणि मीही कधी विचारलं नाही. पण दहा वर्षं झाली. नागुबाईवहिनी गेली, तुझी माया राहिली. तिच्यासाठी तरी जमिनीवर पाय ठेवून उभा राहा. सरांनी तुला आणि तिला आसरा दिलाय, खामखा त्यांच्या मनात शंका घालू नकोस.

वायर काढ आणि बेफिकीर नाव चालव.

तुझा
नासिर


धरणाचा धक्का, नांदेड
१४ ऑक्टोबर २००३

प्रिय नासिर,
जय भीम.

वायर काढली. काटा आता शून्यावर पडून आहे. सर बघून म्हणाले, झालं की नाही नीट? मी हो म्हणालो.

नाव अजून झुकते. आणि दिवाळीनंतर सर लातूरहून क्लासची बारावीची पोरं सहलीला आणणार आहेत. दोन बस भरून. सगळ्यांना नावेत फिरवायचं आहे, एका फेरीत जितकी मावतील तितकी. त्यांत माया आहे.

तुला खरं सांगितलं पाहिजे. मी टाकी ठोकली नाही. ठोकली असं लिहिलं. पान्याचा दांडा हातात घेऊन कप्प्याशी बसलो होतो, हात उठला नाही. मग झाकण लावलं आणि तुला पत्र लिहिलं. तू माझ्या त्या एका ओळीवर निकाल दिलास, म्हणून तुझ्यावर राग नाही. तू बाकी सगळं बरोबर विचारलं होतंस.

भूकंपाच्या रात्री मी घरी नव्हतो. लाइट रात्रीची यायची, म्हणून शेतात पाणी द्यायला गेलो होतो. पळत गावात आलो तर घर कुठं होतं तेच ओळखू येईना. दगड आणि माती, सगळीकडं सारखीच. लिंबाच्या झाडावरून अंदाज बांधला, पहारीनं दगडावर ठोकलं आणि कान लावला. खालून उत्तर आलं. मी ठोकलं की खालून ठोका यायचा. मी ओरडलो, नागू, आलो. उकरत होतो, मधूनमधून ठोकत होतो, ती उत्तर देत होती. ऊन वर आलं तेव्हा खालून ठोके यायचे बंद झाले. मी कितीदा ठोकलं, नासिर, काही आलं नाही. पोचलो तेव्हा नागुबाई गेलेली होती. तिच्या अंगाखाली माया होती, बेशुद्ध, पण श्वास चालू होता.

ती माझी वाट बघत ठोकत होती आणि माझी पहार हळू चालली. एवढंच आहे ते. तेव्हापासून मी कशावरही ठोकत नाही. कुणाच्या दारावरही नाही, बाहेरून हाक मारतो. लोकांना वाटतं, मोठा अदबीचा माणूस आहे.

दुसरी एखादी तपासणी असेल तर सांग, ज्यात ठोकावं लागत नाही. लवकर लिही.

तुझा
निवृत्ती


शारजा
२८ ऑक्टोबर २००३

प्रिय निवृत्ती,
सलाम.

काल रोजा सोडल्यावर तुझं पत्र उघडलं. नाव झुकत नाही, तू झुकतोस, असं मी लिहिलं होतं. ते लिहिताना मला शहाणपणा वाटला होता. माफ कर.

तुझी सगळी पत्रं पुन्हा काढून बसलो. सप्टेंबरच्या पत्रात तू लिहिलंस की डावी टाकी धक्क्यालाच भरतोस आणि तिथं बुडाखाली हातभरच पाणी आहे. ते मी तेव्हा वाचून सोडून दिलं, कारण माझ्या डोळ्यांसमोर इथलं पाणी होतं. इथं समुद्र काचेसारखा, तळातला शिंपला वरून दिसतो. आता अम्मीचा रांजण आठवला. पावसाळ्यात ती गोदावरीचं पाणी रांजणात भरून तुरटी फिरवायची, सकाळी वर निवळ पाणी आणि तळाला चार बोटं गाळ. तुझा पंप धक्क्यापाशी तळाचा चिखल ढवळून आत ओढत असणार. खेळ होईपर्यंत जड गाळ खाली बसतो. रिकामी करताना पंप पाणी बाहेर फेकतो, गाळ राहतो. म्हणूनच काटा महिन्यामहिन्यानं वर अडत गेला. फ्लोट अडकलेला नाही, गाळावर टेकून बसला आहे. काटा खरं सांगत होता, आणि तुझे पायही. वायर मी काढायला लावली.

पण हा माझा अंदाज आहे. दोनदा मी इथं बसून चुकलो आहे, म्हणून खात्रीनं सांगत नाही. खात्री करायची तर एकतर बाकडं कापायचं, नाहीतर ठोकायचं. तू ठोकू नकोस. दुसऱ्या कुणाला ठोकायला सांग आणि तू धक्क्यावरून लांब जा. तोवर नावेत पोरं बसवू नकोस. वळणावर ती एका बाजूला धावली आणि त्या बाजूला गाळाची टाकी असली तर नाव सावरणार नाही. सरांना माझं नाव सांग. नोकरी गेली तर इथं मी बघतो, मायाच्या शिक्षणाचंही बघतो.

त्या दिवसाबद्दल काय लिहावं ते मला सुचत नाही. मी तिथं असतो तर दुसरी पहार माझ्या हातात असती.

तुझा
नासिर


धरणाचा धक्का, नांदेड
२४ नोव्हेंबर २००३

प्रिय नासिर,
जय भीम. हे पत्र पोचेपर्यंत तुझी ईद होऊन गेलेली असेल. मुबारक.

तुझं पत्र सणांच्या गर्दीत कुठं अडकलं होतं कोण जाणे, शनिवारी संध्याकाळी हाती आलं. रविवारी, म्हणजे काल, सकाळी बस दारात. सरांना बाजूला घेऊन सांगितलं की नाव काढता येणार नाही, डाव्या टाकीत गाळ आहे. त्यांनी विचारलं, तू बघितलास का? मी नाही म्हणालो. पंप कोरडा पडतो का? पडतो. मग गाळ आहे हे तुला कुणी सांगितलं? मी तुझं पत्र दाखवलं. शारजाला बसून नांदेडच्या नावेतला गाळ दिसतो का, म्हणाले. पोरं जाकिटं चढवून धक्क्यावर उभी होती, काही तर नावेत जाऊन बसलीही होती. हैदराबादचा गडी म्हणाला, मी चालवतो. मी किल्ली दिली नाही.

सर वाईट माणूस नाहीत. त्यांनी आवाज खाली आणला आणि म्हणाले, "तुझ्या पोरीचं वर्ष आहे हे, निवृत्ती. विचार कर." धमकी नव्हती ती, असं मी अजून धरून आहे. किल्ली मी खिशात घातली.

माया रांगेतून पुढं आली. तिनं सरांकडं बघितलं नाही. मला विचारलं, टाकी भरली आहे की नाही ते कसं बघतात? मी म्हणालो, ठोकून. मग बघितलं का नाही? ती नावेत उतरली, बसलेल्यांना उठवलं, कप्प्याचं झाकण उचललं आणि पाना घेतला.

आधी तिनं उजवी टाकी ठोकली. खालपासून वरपर्यंत डफासारखी वाजली. मग डावी. वरचा भाग वाजला, खालचा अर्धा वाजलाच नाही. तिनं पुन्हा ठोकलं. पुन्हा तसंच. मी पळून जाणार होतो, तू म्हणालास तसं, पण पोरीला सोडून जाववेना. तिथंच फळीवर कानांवर हात दाबून बसलो. नंतर कळलं की सर स्वतः गुडघ्यावर बसले, बोटानं ठोकून ऐकलं आणि सगळ्या पोरांना जाकिटं काढायला लावली. बाकडंही त्यांनीच कापायला सांगितलं. मला म्हणाले, मायाला आज इथंच राहू दे, मी उद्या तिला बसमध्ये बसवून नेतो. माफी मागितली नाही. मला ती नकोही होती.

दुपारभर आम्ही बापलेक गाळ काढत होतो. काळा, गुळगुळीत, घमेल्यानं उपसावा लागला. फ्लोट त्यावर अगदी टेकून बसला होता. ही नाव भरून एक वळण घेतलं असतं तर काय झालं असतं, ते मी लिहीत नाही.

उपसता उपसता तिनं विचारलं, "बाबा, तुम्ही कानावर हात ठेवून का बसले होते?"

दहा वर्षांत ती गोष्ट मी तिच्यापुढं काढली नव्हती. कुणी काढली तर मी उठून जायचो. काल कोपरापर्यंत चिखलात होतो, उठून कुठं जाणार? सांगितलं. तुझी आई खालून ठोकत होती, मी उत्तर देत होतो, मला उशीर झाला आणि ती थांबली.

मायानं घमेलं खाली ठेवलं. मग म्हणाली, "आई न्हाई ठोकली, बाबा. मी ठोकत होते."

पहिल्याच हादऱ्याला आई तिच्या अंगावर पडली आणि त्यानंतर एक शब्द बोलली नाही. हलली नाही. मायाच्या हाताला पितळी तांब्या लागला, त्यानं ती ठोकत राहिली. शेवटी तो बोटांतून सुटला आणि अंधारात पुन्हा सापडला नाही. म्हणून ठोके थांबले. मी विचारलं, मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, "तुम्ही वरून ओरडून राहिले होते, नागू, आलो, नागू, आलो. मला ऐकू यायचं. मला वाटलं, तुम्हाला आईच पाहिजे होती. वर काढलं तर मी निघाले."

नासिर, सात वर्षांची होती ती. ज्या बापानं तिचं नाव घेतलं नाही, त्याला ती खालून उत्तर देत राहिली, आणि त्यानंतर दहा वर्षं ते मनात धरून माझ्या शेजारी वाढली. मला वाटायचं, ती गप्प आहे ती माझ्या भीतीमुळं. होस्टेलच्या फाटकात ती उभ्या उभ्या माझ्याकडं बघायची, तेव्हा हेच बघत असणार.

मी तिला तिथं चिखलातच जवळ घेतलं. तिला म्हणालो, माया, तू होतीस हे मला माहीत असतं तर मी तुझंच नाव घेतलं असतं. ती रडली, मीही रडलो, लपवलं नाही. नागू गेली ती त्या रात्रीच गेली, माझ्या पहारीनं ती परत येणार नव्हती. आणि जी ठोकत होती तिच्यापर्यंत मी वेळेवर पोचलो होतो.

तुझा
निवृत्ती